वेल्डिंगचा वारा घेऊन उजनीच्या पाण्यात

माझे अक्षर तिरके पडते आणि ऱ्हस्वदीर्घाचे तर मी कधी नावच घेत नाही. चौथी झाल्यावर शाळा सुटली, त्यानंतर वाण्याच्या यादीपलीकडे फारसे लिहिले नाही. चुका दिसतील तिथे वाचणाराने आपल्या पदरचे घालून वाचावे. खरे तर हे कुणाला दाखवायचे नाही. पण आमच्या गल्लीत भाऊजींच्या तोंडून उजनीची हकीकत ऐकून माना डोलवणारी माणसे बरीच आहेत. त्यांतले कुणीच तिकडे गेलेले नाही. मी गेले होते. चारचौघांत बोलणे मला जमत नाही, म्हणून लिहिते.

भाऊजी म्हणजे आमच्या वन्संचे यजमान. त्यांचे अक्कलकोट रोडला वेल्डिंगचे दुकान आहे. ट्रॉल्या, फाटके, खिडक्यांचे गज अशी कामे करतात. हात चांगला आहे, पण तो एका कामावर टिकत नाही. आधी त्यांनी रसाचे गुऱ्हाळ घातले, मग एक पिक्चर दाखवायचे मशीन आणले. त्यावर सबंध गल्लीने एकच पिक्चर पाहिले, तेही अर्ध्यापर्यंत.

त्या साली ते मुंबईहून एक पेटी घेऊन आले. पेटीत पाणबुड्याचे सामान होते. लोखंडाचे एक जाडजूड नळकांडे, त्याला पितळी चावी आणि रबरी नळ्या, तोंडात धरायची तोटी, डोळ्यांवर लावायची काच आणि बदकाचे असतात तसे रबराचे दोन पाय. उजनी धरणाचे पाणी पावसाळ्यात मागे मागे चढत होते आणि काठच्या बागायतदारांची तेलावरची इंजिने त्यात बुडाली होती. ती काढून द्यायची आणि दर इंजिनामागे घसघशीत रक्कम घ्यायची, असा भाऊजींचा बेत होता.

सामानाला पैसे मात्र माझे लागले होते. मी शेंगांची चटणी कुटून खाणावळींना घालते. त्यातले साठवलेले बाराशे रुपये आम्ही राहतो ती खोली विकत घेण्यासाठी ठेवले होते. मालक दिवाळीपर्यंत थांबणार होता. भाऊजी ह्यांना म्हणाले, "दिवाळीच्या आत दुप्पट आणून देतो, पाव्हणं." ह्यांना नाही म्हणता येत नाही. ते गिरणीत आयुष्यभर यंत्रांच्या आवाजात राहिले आहेत, त्यामुळे कुणी मोठ्याने बोलले की ते खरेच असणार असे त्यांना वाटते. पैसे दिल्यावर मला म्हणाले, "मला पाळी सोडता यायची नाही. तू जा माझ्या बहिणीसंगं. पैसा आपला हाय, डोळ्यापुढं असू दे."

म्हणून मी गेले.

एस.टी.त

स्टँडवर कंडक्टरने नळकांड्याला बोट लावून विचारले, "गॅस हाय काय ह्यात?"

"गॅस न्हाई ओ. वारा हाय," भाऊजी म्हणाले.

"नुसता वारा?"

"नुसता वारा."

"मग टपावर ठेवा. वाऱ्याला बी लगेज लागतंय."

लगेजचे पैसे भाऊजींनी वन्संकडून घेतले. वन्संनी कमरेची पिशवी सोडताना माझ्याकडे पाहिले आणि आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत बसलो. टेंभुर्णीपर्यंत सांगण्यासारखे काही नाही. पुढे उसाच्या ट्रॅक्टरवर बसून गेलो, ते तर सांगूच नये.

पाणी

पाणी मोठे आहे, हे कबूल करते. सोलापुरात आम्ही नळाला कधी धार येते म्हणून कान देऊन झोपणारी माणसे. तिथे डोळा जाईल तिथवर पाणी पसरले होते आणि त्यात वाळलेल्या लिंबांचे शेंडे उभे होते. वन्संनी हात जोडले. मला मात्र आधी चिखल दिसला. पाणी दारात आले खरे, पण काठाला काळ्या मातीचा असा राडा झाला होता की बायका पाण्याकडे पाठ करून गावातल्या हापशावर रांगेत उभ्या राहत होत्या. आमच्यासारख्याच. एवढे धरण बांधून बायांच्या डोक्यावरची घागर जागची हलली नव्हती.

आम्ही उतरलो ते रावसाहेब नावाच्या बागायतदाराकडे. रावसाहेब हे त्यांचे नावच. त्यांची आणि त्यांच्या भावांची मिळून तीन इंजिने पाण्यात होती. सरकारने पाणी कुठवर येणार त्याचे दगड रोवले होते, तरी इंजिने दगडांच्या खालच्या अंगालाच का ठेवली होती, असे वन्संनी विचारले. रावसाहेब म्हणाले, "दगड काय, सायेब लोक कुटं बी रवत्यात. पानी हितवर यील असं वाटत न्हवतं की." गावातल्या सगळ्यांना तसेच वाटत होते. पाण्याला मात्र कुणी विचारले नव्हते.

जेवण भरपूर होते. नवी केळीची बाग असल्यामुळे प्रत्येक जेवणाला केळे, सकाळी शिकरण, दुपारी शिकरण. माशांचा रस्साही केला होता. गावात मासे नवीनच आल्यामुळे तो वांग्याच्या भाजीसारखा करतात, शेंगदाण्याचा कूट घालून. काटे शेवटपर्यंत कुणाला सापडत नव्हते आणि मग सगळ्यांना एकदम सापडत होते. चटणी वाढली तिच्यात तेल एवढे की भाकरी पोहत होती. चटणी उखळात कुटायची असते, तेल शेंगेचे आपोआप सुटते, वरून ओतावे लागत नाही. हे मी मनात म्हटले. रावसाहेबांच्या मंडळींनी "कशी झालीया?" म्हणून विचारले तेव्हा मी "छान" म्हणाले.

काठावरची शाळा

दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर निम्मे गाव गोळा झाले. भाऊजींनी सामान पोत्यावर मांडले आणि लोक विचारू लागले. भाऊजींना कुणी काही विचारले की त्यांची छाती भरून येते. उत्तर माहीत असले पाहिजे, अशी त्यांची अट नसते.

"पान्यात शिंक आली तर?" एकाने विचारले.

"येतच न्हाई. पाणी दाबून धरतंय."

"तमाकू धरून जाता येतंय काय?"

"येतंय. फक्त थुकायचं न्हाई."

"येवढं नळकांडं कशाला? पंपाची पन्नास फूट नळी घ्यायची, एक टोक तोंडात, एक वर. झालं की."

हे एका म्हाताऱ्याने विचारले होते आणि प्रश्न मला बरोबर वाटला. मीही आदल्या रात्रीपासून मनात तेच म्हणत होते. भाऊजी हसले. "तसं बी चालतंय. पण त्यात शान न्हाई."

"ह्यात वारा किती येळाचा?"

"ज्याच्या त्याच्या छातीवर. माझा दोन तास."

"आन खाली दाब का काय म्हणत्यात, त्यो?"

"दाब भित्र्याला," भाऊजी म्हणाले. "मी ट्रकची चाशी उचललेला माणूस."

मग त्यांनी वन्संचा नवा लाल स्वेटर घातला, कमरेला सुतळीने रुळाचे तुकडे बांधले, नळकांडे पाठीवर घेतले आणि रबरी पाय तिथेच काठावर चढवले. ते पाय घालून माणसाला पुढे चालता येत नाही. भाऊजी तीन पावले पुढे गेले, चौथ्याला पाय पायावर पडला आणि ते राड्यात पालथे झाले. दोघांनी उठवले, तर एक पाय चिखलातच राहिला. तो काढायला कुदळ आणावी लागली. लोक हसले नाहीत. त्यांना वाटले, असेच करायचे असते.

शेवटी त्यांना होडीत घालून इंजिनाच्या जागी नेले. रावसाहेबांनी दोरीला दगड बांधून खोली पाहिली होती. पाच पुरुष, म्हणजे पाच माणसे एकावर एक उभी बुडतील एवढे पाणी. भाऊजी तोटी तोंडात धरून धप्पकन पडले, बुडबुडे आले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. वन्संनी माझा हात धरला. मी खोलीचा विचार करत होते. खरे सांगायचे तर, भाऊजी वर यावेत असे मला वाटत होतेच, पण इंजिन घेऊन यावेत असेही तेवढेच वाटत होते.

इंजिनाचे नाव नको. भाऊजी मोजून चार म्हणेपर्यंत वर आले आणि होडीच्या काठाला लोंबकळून ओरडू लागले. दोन्ही कानांवर हात. नाकातून रक्त येऊन काचेत साचले होते. काठावर आणल्यावर वन्संनी पदराने तोंड पुसले आणि विचारले, "किती खाली गेलावतासा?"

"तळ लागला की."

दोरीला गाठी होत्या. होडीवाला म्हणाला, "दीड पुरुस."

"हितलं पाणीच जड हाय," भाऊजी म्हणाले. "आपल्या सोलापूरच्या विहिरीचं हलकं असतंय. धरणाचं पाणी कोंडलेलं, त्ये जड."

हे गावाला पटले. संध्याकाळपर्यंत जो तो सांगत होता की धरणाचे पाणी जड असते म्हणून. रावसाहेबांनीही मान हलवली. अंगणात बसून भाऊजींनी नवा उपाय काढला. कान दुखतात ते सावकाश उतरल्यामुळे. उद्या कमरेला जात्याचे पाळे, म्हणजे वरचा दगड, बांधून एका दमात तळाला जायचे, म्हणजे कानाला दुखायला वेळच मिळणार नाही.

वन्सं म्हणाल्या, "कानाला येळ लागतंय व्हय दुकायला?" भाऊजींनी त्यांना गप्प केले.

मालवणचा माणूस

तिसऱ्या दिवशी जात्याचे पाळे होडीत चढवत होते तेव्हा धरणावरची जीप आली. धरणाची दारे तपासायला समुद्राकडचा एक खरा पाणबुड्या ठेवला होता. सोलापूरचा कुणी पाणबुड्या आला आहे असे ऐकून तो बघायला आला होता. मालवणकडचा होता. तोही काही साधुपुरुष नव्हता. आल्या आल्या रावसाहेबांच्या घरचा मासा खाल्ला आणि म्हणाला, "याला मासा म्हणतात तुमच्याकडे? आमच्याकडे मांजर खात नाही." चहात साखर कमी म्हणून कप परत पाठवला. पगार किती ते न विचारता सांगितला. पुरुषमाणसे सारखीच, पाण्यावरची काय आणि जमिनीवरची काय.

पण सामान त्याने नीट हाताळले. काच उचलली आणि आत थुंकून बोटाने फिरवली. वन्संनी तोंड फिरवले. "थुंकल्यावर काचेवर धुके धरत नाही," तो म्हणाला. कानाचे ऐकल्यावर हसला. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, आतून फुंकर मारून दाखवली. "असे करायचे, दर हातभर उतरल्यावर. वरच्या पाण्याचे ओझे कानाच्या पडद्यावर येते. आतून तेवढाच वारा लावला की पडदा सरळ. पाणी जड आणि हलके काही नाही. तीस-पस्तीस फुटांवर ओझे दुप्पट होते, समुद्रात काय, उजनीत काय."

म्हाताऱ्याने पुन्हा आपली पंपाची नळी काढली. पाणबुड्या म्हणाला, "आजोबा, पुरुषभर पाण्याखाली छातीवर एवढे ओझे येते की नळीतून वारा ओढायला छाती फुगतच नाही. नळकांड्यात वारा दाबून भरलेला असतो, खालच्या ओझ्याइतकाच तो जोराने तोंडात येतो. म्हणून त्याचे पैसे." म्हणजे म्हाताऱ्याचे चुकले होते आणि माझेही. "आणि वर येताना दम कोंडून यायचे नाही. खाली दाबलेला वारा वर फुगतो. फुगा फुटतो तशी छाती फुटते."

हे सगळे भाऊजी अशा चेहऱ्याने ऐकत होते की जणू तेच सांगत आहेत.

मला एक विचारायचे होते. परपुरुषाला मी कधी आपण होऊन काही विचारलेले नाही, म्हणून वन्संच्या कानात सांगितले आणि वन्संनी मोठ्याने विचारले, "आमची वैनी म्हणतीया, दुकानातल्या वेल्डिंगच्या मोठ्या नळकांड्यातनं ह्यात वारा भरलाय, त्यो तसाच दोन तास पुरतो का लवकर सरतो?"

पाणबुड्याने हातातला कप खाली ठेवला.

"कसला?"

"वेल्डिंगचा," वन्सं म्हणाल्या. "आक्षिजन. आमच्या ह्यांचं म्हणणं, माणूस आक्षिजनवरच जगतो, मग नुसता तोच भरला तर ताकद डबल."

त्याने एकदम आपली भाषा धरली. "अरे, तुका कोणी सांगल्यान ह्यां? ह्येच्यात साधी हवा भरतत, स्वच्छ गाळलेली हवा. नुसतो ऑक्सिजन वीस-पंचवीस फुटांखाली ईख होता. फेफरां येता. तोंडातली तोटी सुटता आणि माणूस बुडान मरता. कान दुखलो म्हणान वाचलंस तू." मग त्याने तीच गोष्ट, एवढ्या खाली नुसता ऑक्सिजन विष होतो आणि फेफरे येऊन माणूस बुडतो ही, आम्हाला कळेल अशी पुन्हा सांगितली, एकदा रावसाहेबांना आणि एकदा वन्संना. चावीला भाऊजींनी ग्रीस लावले होते. ते बघून तो दोन पावले मागे सरला आणि सगळ्यांना बिड्या विझवायला लावल्या. ऑक्सिजन आणि ग्रीस एकत्र आले की भडका उडतो, हे वेल्डरला तरी माहीत पाहिजे, असेही म्हणाला. भाऊजींना ते माहीत होते. दुकानाच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवून ठेवले आहे.

चावी पुसून त्याने नळकांडे मोकळे सोडले. सूं करून बराच वेळ आवाज येत राहिला. जात्याचे पाळे होडीतच पडून होते आणि वन्सं त्याच्याकडे बघत होत्या.

परतीची वाट

पाणबुड्याने रावसाहेबांशी तिथेच सौदा केला. पुढच्या रविवारी तो स्वतःचे सामान घेऊन येणार आणि तिन्ही इंजिने दोर लावून वर काढणार. खालचे पाणी गढूळ असते, डोळ्यांचा काही उपयोग नाही, सगळे हाताने चाचपून करावे लागते, असे तो म्हणाला. भाऊजींनी जो दर ठरवला होता त्याच्या दीडपट त्याने घेतला आणि रावसाहेबांनी कबूल केला. भाऊजींची काच आणि नळ्या त्याने तीनशेला घेतल्या. नळकांडे मात्र फुकट घ्यायलासुद्धा तयार झाला नाही. त्यातून ग्रीसचा वास जायचा नाही, म्हणाला.

टेंभुर्णीच्या स्टँडवर भजी खाता खाता भाऊजी बोलले, आणि माझ्याशी नाही, वन्संशी.

"चाललेलं काम वहिनीनं घालवलं. हिनं त्वांड उघडलं नसतं तर आज इंजान वर असतं. आता पैशाचं मला सांगायचं न्हाई. ज्यानं काम मोडलं त्यानं सोसायचं."

माझ्या हातातले भजे तसेच राहिले. मी बोलले असते तर काय बोलले असते ते नंतर किती वेळा मनात जुळवले आहे. बाराशे रुपये म्हणजे किती चटणी, हे उखळाला माहीत आणि माझ्या खांद्याला माहीत.

वन्संनी आपले भजे संपवले, बोटे कागदाला पुसली.

"वैनी बोलली नसती तर इंजान तितंच ऱ्हायलं असतं आन तुमी बी," त्या म्हणाल्या. "मग मी बांगड्या फोडून वैनीचं पैसं कुटनं दिलं असतं? आता तुमी जित्तं हायसा. कमवा आन द्या."

"बाईमाणसाला धंद्यातलं..."

"जात्याचं पाळं बांधत हुतासा कमरंला. धंद्याचं मला सांगू नका."

स्टँडवरची माणसे बघत होती. कंडक्टर तोच निघाला. नळकांड्याकडे बघून म्हणाला, "आता तरी रिकामं हाय का?" भाऊजींनी लगेजचे पैसे स्वतःच्या खिशातून दिले.

सोलापूर

पाणबुड्याचे तीनशे वन्संनी त्याच रात्री माझ्या हातात ठेवले. बाकीचे यायला वर्ष लागले. वन्सं आठवड्याच्या बाजाराला येत आणि त्यांनी जे काय दुकानातून उपसून आणले असेल ते देऊन जात, कधी वीस, कधी पाच. एकदा नुसती चिल्लर आणली, खिडकीचे गज केलेल्या गिऱ्हाइकाने तशीच दिली होती. खोलीचा मालक दिवाळीपर्यंत थांबला, तुळशीच्या लग्नापर्यंतही थांबला. मग खोली मागच्या चाळीतल्या शिंप्याने घेतली. आम्ही त्याच खोलीत राहतो. भाडे आता शिंप्याला देतो, आणि तो पहिल्या मालकापेक्षा दोन रुपये जास्त घेतो.

मधल्या काळात भाऊजींची हकीकत वाढत गेली. पहिल्यांदा ते पाण्याखाली पाच पुरुष गेले होते. मग सात झाले. पुढे त्यांनी खाली बुडालेले देऊळ पाहिले आणि त्यात घंटा वाजत होती. मालवणचा माणूस त्यांच्याकडून शिकून गेला. लोक विचारतात, दाबाचे काय, भाऊजी? भाऊजी म्हणतात, नाक चिमटीत धरून आतून फुंकर मारायची, माझी युक्ती आहे. आमचे हेही ऐकून मान डोलवतात. मी चुलीपाशी असते.

शेवटचे चाळीस रुपये घेऊन भाऊजी स्वतः आले. वन्संनी पाठवले असणार. दारात उभे राहिले, आत आले नाहीत. नोटा पुढे करून म्हणाले, "घ्या. आता एक पैसा ऱ्हायला न्हाई. तुमच्यापायी येवढा चांगला धंदा सोडला मी."

तोवर मी त्यांच्याकडून काही घेताना खाली बघून घेत असे, आणि तेही ह्यांच्या मार्फत. त्या दिवशी हे कामावर होते. मी हात पुसून पुढे झाले, नोटा घेतल्या आणि त्यांच्यासमोर उंबऱ्यात उभी राहून मोजल्या. भाऊजी म्हणाले, "मोजायचं काय त्यात, घरचाच मामला."

मी पुन्हा मोजल्या. चाळीस बरोबर होते. "फिटले," म्हटले आणि दार लावून घेतले.